भूल दिलेले डुक्कर अचानक ताठ होऊन तापले: औषधाने स्नायूत नेमके काय घडवले?

प्रश्न: मृण्मयी_पशुवैद्य

सर्वांना नमस्कार. मी पशुशल्यचिकित्सेच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. गेल्या महिन्यात आमच्या शस्त्रक्रियागृहात एक मादी डुक्कर आम्ही गमावली आणि तेव्हापासून नोंदवहीचे ते पान मी कितीतरी वेळा उघडून पाहिले आहे. ‘मॅलिग्नंट हायपरथर्मिया’ (भुलीच्या औषधाने स्नायू ताठ होऊन शरीर घातकपणे तापण्याचा विकार) या शीर्षकाखाली पाठ्यपुस्तकात लक्षणांची यादी मिळते, उपचारांचीही मिळते. परंतु भुलीचे औषध स्नायूपर्यंत पोहोचून तिथे नेमके काय करते, हे मला नीट उमगलेले नाही. जाणकारांनी ते सविस्तर समजावून सांगावे, ही विनंती.

घटना अशी. लँडरेस संकर, वय सुमारे चार महिने, वजन ४० किलो, नाभीचा हर्निया. केटामिन आणि झायलाझिन स्नायूत टोचून तिला झोपवले, श्वासनलिकेत नळी घातली आणि ऑक्सिजनबरोबर आयसोफ्लुरेन हा भुलीचा वायू सुरू केला. पहिली पंचवीस मिनिटे सारे सुरळीत चालले होते. त्यानंतर उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड ४१ मिमी पाऱ्यावरून ५५ वर आणि पुढच्या आठ-दहा मिनिटांत ७८ वर गेला. नाडी १०० वरून १७० च्या पुढे गेली. भूल उथळ झाली असावी असे समजून आम्ही आयसोफ्लुरेन वाढवले. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड शोषणारा सोडा लाइम संपला असेल म्हणून डबा बदलायला मी हात लावला, तर डबा इतका तापला होता की त्यावर हात ठेववेना. आश्चर्य म्हणजे त्या क्षणी गुदद्वारातील तापमान ३९.२ अंश सेल्सिअस, म्हणजे डुकराच्या मानाने जवळपास नेहमीचेच होते.

मग मागचे पाय लाकडासारखे ताठ झाले, जबडा आवळला, पोटाच्या कातडीवर लालसर चट्टे उठले आणि थोड्याच वेळात ते निळसर पडले. तापमान पंधरा मिनिटांत ४१.८ अंशांवर गेले. आयसोफ्लुरेन बंद केले, बर्फ लावला, थंड सलाइन दिले. तरीही पाऊण तासात हृदय थांबले. मृतदेह टेबलावरून हलवताना तिचे पाय गुडघ्यात वाकवता येईनात, इतक्या लवकर ते कडक झाले होते.

माझे प्रश्न तीन आहेत. हेच आयसोफ्लुरेन आम्ही शेकडो प्राण्यांना दिले आहे. मग याच प्राण्याच्या स्नायूत त्याने वेगळे असे काय केले? दुसरे, याच मादीला तीन आठवड्यांपूर्वी एका जखमेला टाके घालताना दहा-बारा मिनिटे आयसोफ्लुरेन दिले होते आणि तेव्हा काहीही झाले नव्हते, हे कसे? तिसरा प्रश्न तातडीचा आहे. तिच्याच वेतातली दोन भावंडे त्याच हर्नियासाठी आमच्याकडे येणार आहेत. त्यांना भूल कशाने द्यावी?

उत्तर: भूलकक्ष

मृण्मयी मॅडम, मी बरीच वर्षे मोठ्या जनावरांना भूल देण्याचे काम करतो आणि असा प्रसंग मीही एकदा अनुभवला आहे, त्यामुळे आपली अवस्था समजू शकतो. आधी कार्बन डायऑक्साइड, मग नाडी, मग ताठरपणा आणि सर्वांच्या मागून तापमान, हा आपण नोंदवलेला क्रम या विकाराचा खास क्रम आहे. तो तसा का असतो हे कळले की आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच मिळते.

स्नायुपेशीच्या आत कॅल्शियमचे एक कोठार असते, त्याला सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलम म्हणतात. विश्रांतीच्या वेळी कोठारातले कॅल्शियम बाहेरच्या पेशीद्रवापेक्षा हजारो पटींनी दाट असते. मज्जातंतूचा संदेश आला की विद्युत लहर पेशीपटलाच्या आत शिरलेल्या बारीक नळ्यांतून खोलवर उतरते. तिथे बसलेले डायहायड्रोपिरिडिन रिसेप्टर नावाचे प्रथिन ती लहर ओळखते आणि समोरच्या कोठारावरील रायनोडिन रिसेप्टरला उघडायला लावते. हा रायनोडिन रिसेप्टर म्हणजे कॅल्शियमचा दरवाजा. चार सारख्या भागांचे हे प्रचंड मोठे प्रथिन असून प्रत्येक भागात सुमारे पाच हजार अमिनो आम्ले असतात. दरवाजा उघडतो, कॅल्शियम बाहेर येते, ट्रोपोनिनला चिकटते आणि स्नायू आकुंचन पावतो. लहर ओसरली की दरवाजा मिटतो आणि कोठाराच्या भिंतीवरील पंप एक एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्चून दोन कॅल्शियम आयन या हिशोबाने सगळे कॅल्शियम पुन्हा आत ओढून घेतात. स्नायू सैल पडतो.

आता संवेदनशील डुकराकडे वळू. त्याच्या रायनोडिन रिसेप्टरच्या जनुकात, म्हणजे आरवायआर-१ मध्ये, १८४३ व्या जागी एकच अक्षर बदललेले असते आणि त्यामुळे प्रथिनातील ६१५ व्या स्थानी आर्जिनिनऐवजी सिस्टिन येते. कॅनडातील टोरांटो येथे डेव्हिड मॅकलेनन यांच्या गटाने हे १९९१ साली दाखवून दिले. पाच हजारांतील एका अमिनो आम्लाच्या बदलाने दरवाजाचा स्वभावच बदलतो. त्याला उघडायला कमी कॅल्शियम पुरते, आणि त्याला मिटवून धरणारे मॅग्नेशियम त्याच्यावर पूर्वीइतके परिणामकारक राहत नाही. तरीही एरवी हे डुक्कर चालते, खाते, वाढते. कारण दरवाजातून थोडीफार गळती झाली तरी पंप ती भरून काढतात.

वायुरूप भुलीची औषधे हा तोल मोडतात. हॅलोथेन, आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन, डेसफ्लुरेन ही सारी चरबीत सहज विरघळणारी द्रव्ये आहेत. ती मेंदूत जशी पोहोचतात तशीच स्नायूतही पोहोचतात आणि रायनोडिन रिसेप्टरला उघडण्याकडे झुकवतात. कोठार किती भरले म्हणजे दरवाजा आपोआप सुटावा याचा एक उंबरठा असतो, तो ही औषधे खाली आणतात. निरोगी प्राण्यात हा उंबरठा मुळात इतका वर असतो की थोडा खाली आला तरी काही बिघडत नाही. दोषयुक्त दरवाजात तो आधीच खाली असतो. औषधाने तो आणखी उतरला की नेहमीइतके भरलेले कोठारसुद्धा सांडू लागते, आणि मज्जातंतूचा कोणताही संदेश नसताना कॅल्शियम वाहतच राहते. आपण शेकडो प्राण्यांना दिलेले आयसोफ्लुरेन त्यांच्याही स्नायूत हेच करत होते. त्यांच्या दरवाजाने ते सहन केले, एवढाच काय तो फरक.

पुढचे सगळे ऊर्जेच्या हिशोबाने घडते. आकुंचन चालू ठेवायला एटीपी खर्च होते आणि सांडलेले कॅल्शियम आत ओढणारे पंपही अखंड एटीपी जाळत राहतात. ती भरून काढण्यासाठी मायटोकॉन्ड्रिया ऑक्सिजन जाळतात, ग्लायकोजेन फुटते, लॅक्टिक आम्ल साचते. शरीराच्या वजनातला मोठा वाटा स्नायूंचा. ते सारे एकदम असे पेटले की कार्बन डायऑक्साइड काही मिनिटांत दुप्पट होतो. त्यात रक्तातील बायकार्बोनेट आम्लाशी भिडून आणखी कार्बन डायऑक्साइड सोडते. आपला हात पोळला तो याच वायूमुळे. सोडा लाइम कार्बन डायऑक्साइड शोषताना उष्णता बाहेर टाकते. वायू नेहमीपेक्षा कितीतरी जास्त येऊ लागला म्हणून डबा प्राण्याच्या आधी तापला. चाळीस किलोच्या देहाचे तापमान वर चढायला मात्र वेळ लागतो. एकदा चढू लागले की दर पाच मिनिटांस एक अंशापर्यंत चढते. पण थर्मामीटर ते सांगेपर्यंत आतली ऊर्जा बरीचशी संपलेली असते.

पाय लाकडासारखे होण्याचे कारणही हेच. मायोसिन या आकुंचन घडवणाऱ्या प्रथिनाची पकड सोडवण्यासाठी एटीपी लागते. एटीपी संपली की पकड तशीच अडकून राहते. मृत्यूनंतर येणारा ताठरपणा जिवंतपणीच सुरू होतो. पेशीपटले फाटतात, पोटॅशियम रक्तात येते आणि बहुतेक वेळा हृदय त्यानेच थांबते. मायोग्लोबिन मूत्रपिंडात जाऊन लघवी गडद तपकिरी होते. जो प्राणी पहिल्या तासातून वाचतो, त्याला पुढे या मूत्रपिंडाच्या इजेशी झगडावे लागते.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण ती पुढच्या वेळी प्राण वाचवू शकते. नाडी आणि कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर भूल उथळ झाली असे समजून आपण वायू वाढवला. हे कोणाच्याही हातून होऊ शकते. उथळ भुलीत नाडी वाढते, प्राणी जोराने श्वास घेतो आणि कार्बन डायऑक्साइड सहसा खालीच येतो. श्वासोच्छ्वास नीट चालू असतानाही, किंवा आपण फुगा दाबून तो वाढवला असतानाही, कार्बन डायऑक्साइड चढतच असेल, तर व्हेपोरायझर (भुलीचे औषध वायुरूपात सोडणारे उपकरण) आधी बंद करावे आणि कारणाचा शोध मग घ्यावा.

दुसऱ्या प्रश्नाविषयी. आधीची भूल सुखरूप पार पडली, यावरून प्राणी सुरक्षित आहे असे मुळीच ठरत नाही. माणसांतही पूर्वी एकदोनदा निर्धास्तपणे भूल घेतलेल्या रुग्णांत पुढच्या वेळी हा प्रकार उद्भवलेला आढळतो. आयसोफ्लुरेन हॅलोथेनपेक्षा मंद ट्रिगर (प्रतिक्रिया पेटवणारे औषध) आहे, त्याला वेळ लागतो, आणि दहा-बारा मिनिटे पुरेशी नसावीत. शिवाय त्या दिवशी प्राण्याचे शरीर थोडे थंड असेल, आणण्याची धावपळ कमी झाली असेल, आधी दिलेल्या शामकाचा परिणाम गडद असेल, तर प्रक्रिया लांबते किंवा टळते. उलट घाबरलेला, झटापट करून पकडलेला, उन्हातून गाडीत आणलेला प्राणी टेबलावर येतो तेव्हाच अर्धी वाट चाललेला असतो.

उत्तर: वराहमित्र

मी पशुप्रजननाच्या क्षेत्रात काम केले आहे, त्यामुळे या जनुकाची दुसरी बाजू सांगतो. भूल हा या डुकरांच्या आयुष्यातला क्वचित येणारा प्रसंग. बहुसंख्य संवेदनशील डुकरे भुलीशिवायच मरतात. गाडीत चढवताना, दोन कळप एकत्र केल्यावर होणाऱ्या झुंजीत, समागमाच्या वेळी किंवा कडक उन्हात त्यांची शेपटी थरथरू लागते, कातडीवर चट्टे उमटतात, ती धापा टाकतात आणि कोसळतात. याला ‘पोर्सिन स्ट्रेस सिंड्रोम’ म्हणतात, आणि दरवाजा तोच, आरवायआर-१.

कत्तलखान्यात हेच जनुक मांसात दिसते. संवेदनशील डुकराच्या स्नायूतील आम्लता कत्तलीनंतर पाऊण तासाच्या आतच वाढते, पीएच ६ च्या खाली जातो आणि त्या वेळी देह अजून गरम असतो. आम्ल आणि उष्णता एकत्र आल्याने प्रथिने बिघडतात. मांस फिकट, मऊ आणि पाणी सोडणारे होते. ट्रेमध्ये ठेवलेल्या तुकड्याखाली गुलाबी पाण्याचे थारोळे साचते, बोटाने दाबले तर खळगा तसाच राहतो. चांगल्या मांसात हीच घसरण कित्येक तासांत सावकाश होते.

मग असे घातक जनुक इतके पसरले कसे? निवड आपणच केली. या जनुकाची डुकरे भरीव मांड्यांची, कमी चरबीची असतात. पातळ मांसाला भाव मिळू लागला तसे पैदासकारांनी नेमकी तीच डुकरे निवडली. बेल्जियममधील पिएत्रँ या गावाच्या नावाने ओळखली जाणारी जात यासाठी विशेष प्रसिद्ध. तिच्यात एके काळी जवळपास सगळीच डुकरे संवेदनशील होती. लँडरेसच्या काही वंशांत आणि पोलंड चायना जातीतही प्रमाण मोठे होते. मॅकलेनन यांच्या गटाला पाच वेगवेगळ्या जातींत हाच बदल त्याच शेजारी खुणांसह सापडला. म्हणजे फार पूर्वी एखाद्याच प्राण्यात तो घडला असावा आणि संकरातून सर्वत्र गेला असावा.

विशेष म्हणजे, या जनुकाला अनेक वर्षे ‘हॅलोथेन जनुक’ असेच म्हणत. नेदरलँड्समध्ये १९७४ च्या सुमारास आयकेलेनबूम आणि मिंकेमा यांनी अशी चाचणी पुढे आणली: सुमारे आठ आठवड्यांच्या पिलाला मास्कमधून तीन-चार मिनिटे हॅलोथेन हुंगवायचे आणि मागचे पाय ताठ होतात का ते हाताने पाहायचे. ताठ झाले की मास्क ताबडतोब काढायचा. आपण अपघाताने जे पाहिले, तेच तिथे मुद्दाम, मोजूनमापून केले जाई. या चाचणीची मर्यादा अशी की दोन्ही प्रती दोषयुक्त असलेलीच पिले पकडली जात. एकच प्रत असलेली, वाहक पिले सुटून जात आणि जनुक कळपात टिकून राही. १९९१ नंतर डीएनए चाचणी आली आणि केसांच्या मुळांतून किंवा रक्ताच्या थेंबातून वाहकही ओळखता येऊ लागले. बेल्जियममधील लिएज विद्यापीठाने तर लार्ज व्हाइट जातीतील निरोगी प्रत पिएत्रँमध्ये आणून, पुनःपुन्हा पिएत्रँशीच संकर करत, तणावाला न बळी पडणारा पिएत्रँ वंश तयार केला. हे काम मला व्यक्तिशः फार मोलाचे वाटते, कारण त्यांनी जात न सोडता तिचा दोष काढला.

आपल्या मादीच्या ऊतकाचा तुकडा जपून ठेवला असेल तर चाचणी अवश्य करा. तिच्या दोन्ही प्रती दोषयुक्त निघाल्या, तर आई आणि बाप दोघांकडेही किमान एकेक दोषयुक्त प्रत आहे हे नक्की. दोघेही फक्त वाहक असतील, तर प्रत्येक भावंड पूर्ण संवेदनशील असण्याची शक्यता २५ टक्के आणि वाहक असण्याची ५० टक्के. वाहकांतही हॅलोथेनबरोबर सक्सिनिलकोलिन हे स्नायू शिथिल करणारे औषध दिले किंवा भूल लांबली तर प्रतिक्रिया उमटू शकते, म्हणून त्यांना निर्धोक समजू नये.

मृण्मयी_पशुवैद्य

दोघांचेही मनापासून आभार. मृतदेहातील स्नायूचा तुकडा गोठवून ठेवलेला आहे. तो तपासणीला पाठवते. सक्सिनिलकोलिनचा उल्लेख आला म्हणून विचारते: ते वायुरूप नाही आणि कोठारापर्यंत जातही नाही, मग ते ट्रिगर कसे होते? आणि लिग्नोकेन या स्थानिक भुलीच्या औषधाविषयी आमच्या विभागात दोन मते आहेत. एक ज्येष्ठ सहकारी ते वर्ज्य मानतात.

उत्तर: भूलकक्ष

सक्सिनिलकोलिनचा मार्ग वेगळा आहे. ते स्नायूच्या बाहेरच्या पृष्ठभागावर, मज्जातंतू जिथे स्नायूला भेटतो तिथे, अ‍ॅसिटिलकोलिनच्या जागी बसते आणि लवकर सुटत नाही. त्यामुळे पेशीपटलावरची विद्युत लहर नेहमीसारखी क्षणात ओसरत नाही. डायहायड्रोपिरिडिन रिसेप्टरला ‘उघड’ हा संदेश मिळतच राहतो आणि तो रायनोडिन रिसेप्टरला ढकलत राहतो. म्हणजे वायू दरवाजा थेट सैल करतात, तर सक्सिनिलकोलिन घंटा वाजवणाऱ्याचा हात धरून ठेवते. दोन्ही एकत्र आले की प्रतिक्रिया लवकर आणि जोरात येते. डुकरांतील हा प्रकार पशुवैद्यकांच्या लक्षात आला तोही याच औषधामुळे: इंग्लंडमध्ये एल. डब्ल्यू. हॉल आणि सहकाऱ्यांनी १९६६ साली सक्सिनिलकोलिननंतर डुकरांत दिसलेली अनपेक्षित प्रतिक्रिया प्रसिद्ध केली. व्हेक्युरोनियम, अ‍ॅट्राक्युरियम, रोक्युरोनियम ही शिथिलके त्याच जागी बसतात, पण लहर उठूच देत नाहीत. म्हणून ती सुरक्षित आहेत.

लिग्नोकेनविषयीची भीती जुनी आहे आणि आता ती निराधार ठरली आहे. स्थानिक भुलीची औषधे नेहमीच्या मात्रेत सुरक्षित मानली जातात. प्रोपोफॉल, थायोपेंटोन, केटामिन, डायझेपाम, मिडाझोलाम, फेंटानिल, ब्युटॉर्फेनॉल, नायट्रस ऑक्साइड यांपैकी कोणतेही ट्रिगर नाही. केटामिनने नाडी वाढते, त्यामुळे नोंद वाचताना गोंधळ होऊ शकतो, एवढे ध्यानात ठेवावे.

भावंडांच्या बाबतीत मी असे करीन. चाचणीचा निकाल येईपर्यंत दोघांनाही संवेदनशील समजावे. सकाळच्या थंड वेळी, ओळखीच्या माणसाकडून, झटापट न करता आणवावे. खोलीत येण्याआधीच मागील पिंजऱ्यात शामक द्यावे. अझापेरोन मिळाले तर उत्तम, कारण डुकरांच्या तणावासाठी ते खास उपयुक्त आहे. पुढे प्रोपोफॉल शिरेतून सतत, वेदनेसाठी ओपिऑइड आणि हर्नियाच्या जागी लिग्नोकेन. यंत्र वापरायचे असेल तर व्हेपोरायझर काढून ठेवावे, सोडा लाइम, नळ्या आणि फुगा नवे घालावेत आणि मिनिटाला दहा लिटर ऑक्सिजन सोडून यंत्र धुवून काढावे. जुन्या साध्या यंत्रांना वीसेक मिनिटे पुरतात, नव्या यंत्रांत रबर आणि प्लॅस्टिकचे भाग जास्त असल्याने तासाहूनही अधिक लागू शकतो. या भागांत मुरलेला वायू नंतर हळूहळू बाहेर येतो. बंद व्हेपोरायझर म्हणजे वायूमुक्त यंत्र नव्हे. हर्निया लहान असेल तर यंत्राशी न जोडता, स्वतंत्र फुग्याने ऑक्सिजन देणे मला अधिक पसंत आहे. कॅप्नोग्राफ, म्हणजे उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र, मात्र सोडू नये.

उत्तर: भूलतज्ज्ञ_पुणे

मी माणसांना भूल देते. परंतु हा विषय आमच्यापर्यंत डुकरांमार्फतच पोहोचला आहे, म्हणून दोन गोष्टी लिहिते.

माणसातील पहिले नोंदलेले कुटुंब मेलबर्नचे. मायकेल डेनबरो आणि त्यांचे सहकारी लव्हेल यांनी १९६० साली ‘लॅन्सेट’मध्ये एका २१ वर्षांच्या तरुणाविषयी पत्र लिहिले. पाय मोडून आलेल्या त्या तरुणाला पायापेक्षा भुलीची धास्ती अधिक होती, कारण त्याचे दहा नातेवाईक ईथरच्या भुलीनंतर दगावले होते. त्याला हॅलोथेन दिले, प्रतिक्रिया सुरू झाली, भूल लगेच थांबवली गेली आणि तो वाचला. रुग्णाने सांगितलेला घरचा इतिहास मन लावून ऐकावा, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना याच उदाहरणाने सांगते. पुढची पंधरा वर्षे विकार ठाऊक होता, पण औषध नव्हते. १९७५ साली केप टाउनमध्ये गेसफर्ड हॅरिसन यांनी संवेदनशील डुकरांत हॅलोथेनने आणलेली प्रतिक्रिया डँट्रोलिनने थांबते आणि आधी दिल्यास टळते, हे दाखवले. शिरेतून द्यायच्या डँट्रोलिनला अमेरिकेत १९७९ मध्ये मान्यता मिळाली. पूर्वी सुमारे ८० टक्के असलेला मृत्युदर आज जिथे औषध आणि देखरेख उपलब्ध आहे तिथे ५ टक्क्यांच्या आसपास आला आहे. हे ऋण त्या डुकरांचे आहे, आणि म्हणून एखाद्या डुकराला त्याच औषधावाचून मरताना पाहणे मला फार खटकते.

डँट्रोलिन थेट रायनोडिन रिसेप्टरला जाऊन बसते आणि दरवाजा पुन्हा मिटू देते; या कामात त्याला मॅग्नेशियमची साथ लागते. आता प्रत्यक्ष व्यवहार सांगते, कारण तो माहीत नसेल तर कपाटातली कुपीही उपयोगी पडत नाही. जुन्या पद्धतीच्या एका कुपीत २० मिलिग्रॅम डँट्रोलिन आणि ३ ग्रॅम मॅनिटॉल असते. ती ६० मिलिलिटर निर्जंतुक पाण्यातच विरघळवायची. सलाइन किंवा डेक्स्ट्रोज चालत नाही. पावडर नारिंगी-पिवळी असते आणि हट्टाने तळाशी बसते. द्रव स्वच्छ होईपर्यंत जोराने हलवत राहावे लागते. पहिली मात्रा किलोमागे २.५ मिलिग्रॅम धरली, तर आपल्या ४० किलोच्या मादीला १०० मिलिग्रॅम, म्हणजे पाच कुप्या आणि ३०० मिलिलिटर पाणी लागले असते. हे काम एका माणसाचे नाही. दोघांनी फक्त कुप्या हलवायच्या, एकाने वायू बंद करून शुद्ध ऑक्सिजनने जोरात श्वास द्यायचा, एकाने थंड सलाइन आणि बर्फ पाहायचा. तापमान ३९ च्या आसपास आले की थंड करणे थांबवावे, नाहीतर देह गरजेपेक्षा जास्त थंड होतो. पोटॅशियमसाठी कॅल्शियम, ग्लुकोज आणि इन्शुलिन द्यावे, आम्लासाठी बायकार्बोनेट. हृदयाची लय बिघडली म्हणून व्हेरापामिल मात्र डँट्रोलिनबरोबर देऊ नये. त्याने पोटॅशियम आणखी चढते आणि हृदय मंदावते.

आपल्याकडच्या बहुतेक पशुवैद्यकीय दवाखान्यांत हे औषध ठेवलेले नसते. म्हणून मी सुचवीन की संवेदनशील प्राण्याची पूर्वनियोजित शस्त्रक्रिया असेल, तर जवळच्या ज्या मोठ्या रुग्णालयाकडे डँट्रोलिन आहे, त्यांच्या भूल विभागाशी आधीच बोलून ठेवावे.

उत्तर: श्वानवैद्य

मी लहान प्राण्यांचा दवाखाना चालवतो. हा विकार डुकरांपुरताच आहे असा समज होऊ नये, म्हणून थोडे लिहितो. कुत्र्यांत आरवायआर-१ चा वेगळा बदल सापडला आहे: ५४७ व्या स्थानी व्हॅलिनऐवजी अ‍ॅलानिन. क्वार्टर हॉर्स जातीच्या घोड्यांत २४५४ व्या स्थानी आर्जिनिनऐवजी ग्लायसिन. या दोन्हींत वारसा प्रभावी असतो, म्हणजे एकच दोषयुक्त प्रत पुरते. डुकरांसारख्या दोन लागत नाहीत. त्यामुळे एका कुत्र्यात प्रकार घडला, तर त्याच्या पिलांपैकी निम्म्यांना धोका आहे असे धरून मालकांना कळवावे.

उलट चूकही होते. भुलीनंतर तापलेला प्रत्येक प्राणी या विकाराचा नसतो. मांजरांना हायड्रोमॉर्फोनसारखे ओपिऑइड दिल्यावर भूल उतरताना ताप ४० अंशांच्या पुढे जाऊ शकतो. पण स्नायू सैल असतात, कार्बन डायऑक्साइड भडकत नाही आणि काही तासांत ताप आपोआप उतरतो. धावून धावून मागच्या पायांत कोसळणारा लॅब्रॅडॉर पाहिला की अनेकजण हेच निदान करतात. त्या कुत्र्यांतील दोष डायनामिन-१ या निराळ्या जनुकात असतो आणि तो मज्जातंतूच्या टोकाशी काम करतो. जाड केसांच्या कुत्र्याला गरम पॅडवर, भुलीच्या यंत्राच्या बंद श्वसनमंडलात, चादरीखाली ठेवल्यानेही तापमान चढते. या सर्वांना वेगळे करणारी खूण एकच मला भरवशाची वाटते: श्वास वाढवूनही न उतरणारा कार्बन डायऑक्साइड, आणि त्याच्या जोडीला ताठ होत जाणारा जबडा.

मृण्मयी_पशुवैद्य

सर्वांचे उत्तर मी विभागातील फळ्याजवळ बसून सहकाऱ्यांना वाचून दाखवले. सोडा लाइमचा डबा आधी का तापला, हे कळल्यावर नोंदवहीतले ते पान पहिल्यांदाच नीट वाचता आले. ५५ च्या आकड्यापाशी मी आता पेन्सिलीने खूण केली आहे, कारण व्हेपोरायझर तिथेच बंद व्हायला हवे होते.

ऊतकाचा नमुना आज बर्फात बांधून पाठवला. पाळणाऱ्या शेतकरीदादांना फोन करून दोन्ही भावंडांना तूर्त हलवू नका, झुंजू देऊ नका आणि दुपारच्या उन्हात गाडीत घालू नका, असे सांगितले. त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मी आधी विचारायला हवी होती. याच आईच्या मागच्या वेतातली दोन पिले बाजाराच्या वाटेवर टेम्पोतच मेली होती, आणि उतरवताना त्यांचे पाय ताठ होते. त्यांनी ते उन्हामुळे झाले असे समजले होते. आता आईचे आणि नराचेही केस मुळासकट मागवले आहेत.